सामाजिक उद्योजकता : यशाचे घटक

एखाद्या सामाजिक प्रश्नावर उद्योगाच्या शिस्तीने टिकाऊ उपाय उभा करणाऱ्या व्यक्तीला सामाजिक उद्योजक म्हणतात. ही संज्ञा रूढ होण्यात बिल ड्रेटन यांनी १९८० मध्ये स्थापन केलेल्या ‘अशोका’ या संस्थेचा मोठा वाटा आहे. अशा उद्योजकांच्या यशाचे श्रेय सहसा त्यांच्या तळमळीला दिले जाते. तळमळ लागतेच, पण टिकून राहिलेल्या उपक्रमांत निर्णायक ठरते ती कामाची रचना, आणि सेवा गरजवंतापर्यंत खरोखर पोहोचते का, हे तपासत राहण्याची सवय.

मदुराईचे अरविंद नेत्र रुग्णालय हे याचे ठळक उदाहरण. सरकारी सेवेतून निवृत्त झालेल्या डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये ते ११ खाटांवर सुरू केले. ऐपत असलेल्या रुग्णांच्या शुल्कातून गरिबांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया होतात. हे गणित जमते, कारण प्रत्येक शस्त्रक्रियेचा खर्चच कमी ठेवलेला आहे. रुग्णाची तपासणी व तयारी प्रशिक्षित सहायिका करतात आणि शल्यविशारद एक शस्त्रक्रिया संपताच शेजारच्या टेबलाकडे वळतो. आयात केलेली कृत्रिम भिंगे परवडत नसल्याने १९९२ मध्ये ‘ऑरोलॅब’ काढून ती तेथेच बनवली जाऊ लागली. तरीही, उपचार मोफत असूनही अनेक गरीब रुग्ण येत नव्हते. प्रवासखर्च, जेवण, सोबतीचा माणूस, बुडणारी मजुरी हे अडसर होतेच. म्हणून शिबिरातून रुग्णाला बसने नेणे, जेवू घालणे आणि परत पोहोचवणे हाही सेवेचा भाग झाला.

फजले हसन अबेद यांनी १९७२ मध्ये बांगलादेशात सुरू केलेल्या ‘ब्रॅक’ या स्वयंसेवी संस्थेने १९८० पासून दशकभर घरोघरी जाऊन मातांना अतिसारावर मीठ, गूळ व पाण्याचे मिश्रण करायला शिकवले. शिकवणाऱ्या स्त्रियांचे मानधन किती घरे झाली यावर नव्हे, तर काही आठवड्यांनी मातांना त्यातले किती आठवते यावर ठरे. मोबदला परिणामाशी जोडण्याची इतकी साधी आणि नेमकी युक्ती क्वचितच सापडते.

हा धागा सुटला की गाजावाजा उपयोगी पडत नाही. मुलांनी खेळता खेळता चक्र फिरवायचे आणि विहिरीचे पाणी वर यायचे, अशा ‘प्लेपंप’ला आफ्रिकेत भरघोस देणग्या मिळाल्या. प्रत्यक्षात मुले खेळत नसताना ते जड चक्र स्त्रियांना हातांनी ओढावे लागे, आणि बिघडल्यावर दुरुस्ती गावाच्या आवाक्यात नसे.

भांडवलही घाई न करणारे हवे. बांगलादेशातील अर्थतज्ज्ञ मुहम्मद युनूस यांच्या, गरिबांना छोटी कर्जे देण्याच्या प्रयोगाला १९७६ मध्ये सुरुवात झाली. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘ग्रामीण बँके’ला स्वतंत्र बँकेचा दर्जा मिळाला तो १९८३ मध्ये. दरम्यान परतफेडीची पद्धत गावोगाव पारखून घेता आली.

कायद्याचे पाठबळ असेल तर मूळ हेतू जपणे सोपे जाते. ब्रिटनमध्ये २००५ पासून ‘समुदायहित कंपनी’ नोंदवता येते. तिची मालमत्ता समाजोपयोगी कामासाठीच राखून ठेवावी लागते आणि भागधारकांना द्यायच्या लाभांशावर मर्यादा असते.