सिरॅमिक दंतटोपीचा टिकाऊपणा

दात किडला, तुटला किंवा त्याचे रूट कॅनल झाले, की उरलेल्या दाताभोवती बसवतात ते सिरॅमिकचे कवच म्हणजे सिरॅमिक दंतटोपी. दवाखान्यात तिला ‘कॅप’च म्हणतात. तिची जात चिनी मातीच्या बरणीची: दाब भरपूर सोसते, ताण मात्र सोसत नाही. म्हणून त्या सिरॅमिकची पट्टी वाकवून मोडायला किती ताण लागतो, त्यावरून ताकद मोजतात.

डेट्रॉइटचे दंतवैद्य चार्ल्स लँड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लॅटिनमच्या वर्खावर पोर्सलीन भाजून टोप्या घडवल्या. दिसायला देखण्या, पण दाढेवर तडकणाऱ्या. १९६५ मध्ये मॅक्लीन आणि ह्यूज यांनी गाभ्यात ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचे ऑक्साइड) मिसळून पोर्सलीनला बळ दिले. साध्या पोर्सलीनची ताकद ६० ते १०० मेगापास्कल (ताण मोजायचे एकक), लिथियम डायसिलिकेट या काचमिश्रित सिरॅमिकची सुमारे ४००, तर नेहमीच्या पांढऱ्याफटक झिर्कोनियाची (झिर्कोनियमच्या ऑक्साइडची) ९०० ते १,२००. झिर्कोनियात चीर पुढे सरकू लागली की तिच्या टोकाजवळचे कण स्फटिकरचना बदलून सुमारे ४ टक्के फुगतात आणि चिरेलाच दाबून धरतात. दंतवैद्यकाच्या साहित्यात याहून सुंदर युक्ती सापडणे कठीण. मात्र टोपी खऱ्या दातासारखी दिसावी म्हणून त्यातले यिट्रिया (यिट्रियमचे ऑक्साइड) वाढवून केलेल्या पारभासक झिर्कोनियात ही युक्ती जवळजवळ लोपते आणि ताकदही बरीच उतरते. तेव्हा ‘झिर्कोनिया’ एवढ्या नावावर विसंबू नये, प्रकार विचारून घ्यावा.

तोंडात टोपी एका घावाने क्वचितच फुटते. लाळेतले पाणी सूक्ष्म चिरेत शिरून तिथले बंध सैल करते आणि रोजच्या चावण्याने चीर हळूहळू वाढते. तिची सुरुवात कधी खुर्चीवरच होते. टोपी बसवल्यावर रुग्ण म्हणतो, ‘उंच लागतंय.’ डॉक्टर निळा कागद चावायला लावतात आणि डाग पडेल तिथे घासतात. तो खरबरीत ओरखडा रबराच्या चाकाने गुळगुळीत केला नाही, तर तिथून तडा जाऊ शकतो, शिवाय समोरचा दातही झिजतो.

लिथियम डायसिलिकेटची टोपी आतून हायड्रोफ्लोरिक आम्लाने खरबरीत करून रेझिन सिमेंटने चिकटवली, की दात आणि टोपी मिळून भार पेलतात. हे आम्ल काच खाते; झिर्कोनियात काच नसल्याने ते तिथे कामाचे नाही.

टोपी शाबूत असतानाही तिच्या कडेखालचा दात किडू शकतो. अशा वेळी झिर्कोनियाचा चिवटपणाच आडवा येतो: पाण्याच्या फवाऱ्याखाली हिऱ्याच्या बरने (ड्रिलला लावायच्या पात्याने) टोपी चिरून, तुकडे करूनच ती काढावी लागते.