व्हिज्युअल केईचं १९९८ : शिखर नेमकं कुणाचं?

व्हिज्युअल केई म्हणजे भडक मेकअप आणि पोशाखांच्या जपानी रॉक बँडांचा प्रवाह. त्याचे जुने चाहते १९९८ ला शिखराचं वर्ष म्हणतात. त्याचा हिशेब मात्र ३१ डिसेंबर १९९७ पासून धरावा लागतो. त्या रात्री टोकियो डोममध्ये या प्रवाहातल्या आघाडीच्या एक्स जपान बँडचा शेवटचा कार्यक्रम झाला. बँड मोडल्याची घोषणा सप्टेंबरातच झाली होती, त्यामुळे धक्का तसा जुना होता. तरीही नवं वर्ष उजाडलं ते घरातला कर्ता माणूस उठून गेल्यासारखं.

त्याआधीचं थोडक्यात सांगायचं तर, ऐंशीच्या दशकात भडक मेकअप, उभे केस आणि वेगवान मेटल एकत्र आलं. एक्सच्या (एक्स जपानचं तेव्हाचं नाव) १९८९ च्या अल्बमवर ‘व्हिज्युअल शॉक’ हे शब्द छापले गेले, पुढच्या वर्षी या बँडांना वाहिलेलं मासिक निघालं आणि बघता बघता नाव रुळलं. लहान रेकॉर्ड लेबलं मोठ्या कंपन्यांना बँड पुरवू लागली. हे बहुतेकांना ठाऊक आहेच.

१९९८ च्या सुरुवातीला टीव्हीवर शाझ्ना आणि पेनिसिलिन हे बँड होते. शाझ्नाचा गायक बाईच्या वेशात गोड पॉप म्हणायचा आणि शाळकरी मुलींना तो तसाच आवडायचा. पेनिसिलिनचं जानेवारीत आलेलं ‘रोमान्स’ त्यांचं सर्वांत गाजलेलं गाणं ठरलं. माझ्या मते वर्षाचा खरा ऐवज मात्र मालिस मिझेर या बँडचा. मार्चमध्ये त्यांचा ‘मेर्वेय’ अल्बम आला आणि १ एप्रिलला टोकियोतल्या निप्पॉन बुदोकान सभागृहात कार्यक्रम झाला. दोन गिटारींचे गुंतलेले सूर, चर्चमधल्या ऑर्गनची आठवण करून देणारे कीबोर्ड, जुन्या युरोपातले पोशाख. गाणं चालू असताना वादक वाद्यं बाजूला ठेवून मूकनाट्य करायचे, नाचायचे. ‘व्हिज्युअल’ हा शब्द एवढा शब्दशः कुणी घेतला नव्हता.

२ मे रोजी एक्स जपानचा गुलाबी केसांचा गिटारवादक हिदे वारला. टोकियोतल्या त्सुकिजी होंगान-जी मंदिरात त्याला निरोप द्यायला सुमारे पन्नास हजार लोक जमले. नंतर आठवड्याभरातच, आधीच ठरलेल्या तारखेला त्याचं ‘पिंक स्पायडर’ बाजारात आलं आणि विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. नोव्हेंबरमध्ये सहकाऱ्यांनी त्याचा अर्धवट राहिलेला अल्बम पुरा केला. या घटनेवर भरपूर लिहिलं गेलं आहे, म्हणून इथे इतकंच.

वाद आहे तो ग्ले आणि लार्क-आन-सिएल या दोन बँडांचा. १९९८ ला शिखर म्हणणारे आकडे दाखवतात, आणि ते आकडे मुख्यतः याच दोघांचे असतात. ग्लेचा १९९७ चा निवडक गाण्यांचा संग्रह ४८ लाखांवर खपला होता आणि ‘युवाकु’ हे १९९८ चं सर्वाधिक खपलेलं सिंगल (एखाद-दोन गाण्यांची सुटी सीडी) ठरलं. लार्कने ८ जुलैला एकाच दिवशी तीन सिंगल्स काढली. त्यांतली दोन दहा लाखांच्या पुढे गेली. पण हे दोघे व्हिज्युअल केईत मोडतात का?

ग्लेचं उत्तर सोपं. त्यांना १९९४ मध्ये पुढे आणलं ते एक्सच्याच ड्रमवादकाने. सुरुवातीचे फोटो पाहिले की शंका उरत नाही. पुढे त्यांनी मेकअप हळूहळू उतरवला, पण व्हिज्युअल केईशी असलेल्या नात्याबद्दल तमाशा केला नाही. लार्कचं तसं नाही. ओसाकाचा हा बँड एक्सच्या गोटातला नव्हता. सुरुवातीच्या लेस-लिपस्टिकच्या फोटोंमुळे मासिकांनी आणि चाहत्यांनी त्यांना या रांगेत बसवलं, ते त्यांना कधीच पटलं नाही. १९९९ मध्ये सार्वजनिक वाहिनीच्या संगीत कार्यक्रमात सूत्रसंचालकाने त्यांना व्हिज्युअल केई म्हटल्यावर बँडचा बासवादक संतापला आणि मंचावरून निघून गेला. चाहत्यांत अजूनही यावरून दोन तट आहेत. एक म्हणतो, ज्या मासिकांनी आणि मुलींनी तुम्हाला मोठं केलं त्यांचाच हा अपमान. दुसऱ्याचं म्हणणं, गिटार-पॉप वाजवणाऱ्याला त्याच्या जुन्या लिपस्टिकवरून का ओळखायचं?

मला दुसरा तट रास्त वाटतो, पण मग हिशेबही प्रामाणिक हवा. ज्यांनी नाव झटकलं किंवा मेकअप उतरवला त्यांचे लाखो खप आपल्या खात्यात जमा करायचे नाहीत. शिवाय जपानमधल्या ध्वनिमुद्रित संगीताच्या उद्योगानेच १९९८ मध्ये उच्चांक गाठला होता. ८ सेंटिमीटरच्या चिमुकल्या सिंगल्स तेव्हा कोणत्याही प्रकारच्या धडाधड खपत होत्या. लार्क-ग्ले वगळले तर उरतात मालिस मिझेर, लाक्रिमा ख्रिस्ती, फॅनाटिक क्रायसिस, शाझ्ना. आणि रविवारी टोकियोतल्या हाराजुकूच्या जिंगू पुलावर त्यांचे पोशाख करून जमणारी पोरं. ही यादी लहान आहे, पण शिखर तिचंच.

तेही टिकलं नाही. जानेवारी १९९९ मध्ये गायकाने मालिस मिझेर सोडला. जूनमध्ये त्याच बँडचा ड्रमवादक वारला. शाझ्नाची लाट ओसरली. त्याच जानेवारीत, २० तारखेला, डिर एन ग्रे या तरुण बँडने मोठ्या कंपनीकडून पदार्पण करताना लार्कसारखीच एकाच दिवशी तीन सिंगल्स काढली. निर्माता होता एक्सचा तोच ड्रमवादक. पुढे हा बँड परदेशात पोचला, २००५ मध्ये बर्लिनला वाजवून आला, आणि काही वर्षांत त्यानेही बहुतेक मेकअप पुसून टाकला.