पार्श्वभूमी : रानडुकराचा सुळा आणि कुत्र्याचे चिलखत

शिकारी कुत्र्यांसाठी तयार केलेली संरक्षक जॅकेट आता ऑनलाइन दुकानांतून कोणालाही मागवता येतात. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि युरोपातील रानडुकराच्या शिकारीत कुत्र्यांना होणाऱ्या जखमा कमी व्हाव्यात, यासाठी ती मुळात घडली. सोलापूर जिल्ह्यात अशी शिकार कायद्याने करता येत नाही. मात्र उसाच्या फडात रानडुकरे आहेत, माळरानावर लांडगा आहे, करमाळा तालुक्यात माणसांवर हल्ले करणाऱ्या बिबट्याला डिसेंबर २०२० मध्ये गोळी घालावी लागली होती, आणि या सर्वांच्या वाटेत सर्वांत आधी उभा राहतो तो वस्तीवरचा राखणीचा कुत्रा. त्याला असे जॅकेट घातले तर तो वाचेल का, हा प्रश्न म्हणूनच इथेही रास्त ठरतो. ही वस्तू नेमके काय अडवण्यासाठी बनली, हे तिच्या इतिहासातून कळते आणि तिच्या मर्यादाही तिथेच दिसू लागतात.

कुत्रा आणि रानडुक्कर यांच्या झुंजीचा दख्खनच्या इतिहासातील सर्वांत बोलका पुरावा कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यातल्या आतकूर येथील वीरगळ आहे. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याच्या काळातील, इ. स. ९४९-५० च्या सुमाराचा हा शिलालेख असून या राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचे मळखेड, सोलापूरपासून फार लांब नाही. चोळांविरुद्धच्या तक्कोलमच्या लढाईत पराक्रम गाजवणाऱ्या मणलेर नावाच्या योद्ध्याला गंग राजा दुसरा बूतुग याने हवे ते मागण्यास सांगितले, तेव्हा त्याने ‘काळी’ नावाचे शिकारी कुत्रे मागून घेतले. पुढे एका मोठ्या रानडुकराशी झुंजताना कुत्रे आणि डुक्कर दोघेही मेले. कुत्र्याच्या स्मरणार्थ दगड उभारला गेला, त्याच्या पूजेसाठी जमीन लावून देण्यात आली आणि ती पूजा चुकवणाऱ्याला पापाचा धनी ठरवण्यात आले. राजाकडून मागून घेतलेले, निवडक आणि शूर कुत्रेही डुकरासमोर टिकले नाही, ही गोष्ट या विषयात सतत ध्यानात ठेवावी अशी आहे. पुढे बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या ‘विनोदां’मध्ये, म्हणजे करमणुकीच्या प्रकारांमध्ये, कुत्र्यांनाही स्वतंत्र स्थान दिले, यावरून या प्रदेशातील राजदरबारी शिकारीत कुत्र्याचे महत्त्व किती होते ते कळते.

कुत्र्याला अंगभर कवच घालण्याची प्रथा मात्र युरोपात अधिक ठळकपणे दिसते. पंधराव्या-सोळाव्या शतकापासून तेथील राजेरजवाडे डुकराच्या शिकारीत आपल्या मोलाच्या कुत्र्यांना लिननच्या कापडाचे अनेक थर एकावर एक शिवून केलेले जाड अंगरखे घालत असत. १५३० च्या दशकात ब्रुसेल्सच्या मागांवर विणलेली आणि आज पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात असलेली शिकारीची भव्य विणचित्रे पाहिली, तर डुकरावर तुटून पडणाऱ्या कुत्र्यांच्या अंगावर असे अंगरखे दिसतात. माद्रिदच्या राजशस्त्रागारात कुत्र्यासाठी घडवलेले धातूचे चिलखतही आहे, परंतु धातूचे असे काम राजवैभव मिरवण्यासाठीच अधिक शोभणारे होते. प्रत्यक्ष रानात धावणाऱ्या कुत्र्याला सोसेल असे कापडी कवचच होते, आणि तेही सर्व कुत्र्यांना मिळत नसे. डुकराला शोधून भुंकत रोखून धरणारी हलकी कुत्री उघड्या अंगाने धावत, तर प्रत्यक्ष जाऊन भिडणाऱ्या जड कुत्र्यांनाच अंगरखा घातला जाई. वेग आणि संरक्षण यांतील ही निवड तेव्हापासून आजपर्यंत सुटलेली नाही.

आपल्याकडे कवचाची वेगळी परंपरा राहिली, ती गळपट्ट्याची. हिमालयातील मेंढपाळ आपल्या राखणीच्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा रुंद पट्टा घालतात, कारण बिबट्या झडप घालताना मान आणि गळा धरतो. डुक्कर तसे करत नाही. त्याचे खालचे सुळे वरच्या सुळ्यांवर सतत घासले जाऊन धारदार राहतात आणि डोके खालून वर, बाजूला झटकत ते मारले जातात. त्यामुळे छाती, पोट, काख आणि मांडी येथे लांब चिरा पडतात. काट्यांचा पट्टा डुकरासमोर जवळजवळ निरुपयोगी आहे, आणि छातीवरचे जॅकेट गळा उघडा ठेवत असेल तर बिबट्यासमोर त्याचा फारसा उपयोग नाही.

आधुनिक जॅकेटचा इतिहास धाग्यापासून सुरू होतो. अमेरिकेतील ड्युपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ मध्ये केलेल्या संशोधनातून पुढे केवलार म्हणून ओळखला जाणारा धागा निर्माण झाला. तो १९७० च्या दशकात बाजारात आला आणि पोलिसांच्या गोळीरोधक जॅकेटमध्ये वापरला जाऊ लागला. त्यानंतर अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिइथिलीनचे, म्हणजे एका मजबूत प्लास्टिकचे, पाण्याहूनही हलके धागे आले. कुत्र्यांच्या जॅकेटमध्ये आज हे दोन्ही प्रकार आणि त्यांच्या जोडीला जाड विणीचे नायलॉन वापरले जाते. स्वस्त जॅकेटमध्ये बहुतेक वेळा केवळ नायलॉनच असते. ते काटेरी झुडपांपासून आणि खरचटण्यापासून वाचवते, सुळ्यापासून नव्हे.

कापडाच्या गावातील वाचकाला यातील मुख्य मर्यादा समजायला अवघड जाऊ नये. कोणतेही विणलेले कापड ताणा आणि बाणा यांचे असते. धार आडवी फिरली तर तिला एकाच वेळी शेकडो धागे तोडावे लागतात आणि धागा मजबूत असेल तर ती अडते; परंतु टोकदार वस्तू सरळ आत घुसली तर ती धागे तोडत नाही, त्यांना बाजूला सारून मधल्या फटीतून जाते. घट्ट विणीची सोलापुरी चादर हातांनी फाडता येत नाही, पण दाभण तिच्यातून सहज पार होते, तसेच हे आहे. याच कारणाने अमेरिकेत माणसांच्या कवचांसाठी गोळीपासूनच्या संरक्षणाचे मानक वेगळे आणि २००० मध्ये आलेले भोसकण्यापासूनच्या संरक्षणाचे मानक वेगळे ठेवले गेले. डुकराचा सुळा दोन्ही कामे करतो. त्याची कड चिरते आणि त्याचे टोक भोसकते. भोसकणे रोखायचे असेल तर वीण अतिशय दाट करावी लागते किंवा थरांवर राळेचा लेप द्यावा लागतो, आणि प्रत्येक उपायाने जॅकेट अधिक ताठ, अधिक जड आणि अधिक गरम होत जाते. कुत्र्यांच्या जॅकेटसाठी माणसांच्या कवचासारखे सर्वमान्य मानक नाही, त्यामुळे विक्रेत्याने ‘केवलार’ असे लिहिले म्हणून त्यात तो धागा किती, किती थरांत आणि कोणत्या विणीत आहे, हे ग्राहकाला कळत नाही. शिवाय हा धागा उन्हात आणि अतिनील किरणांत हळूहळू क्षीण होतो. अंगणात दोरीवर वाळत घातलेले जॅकेट बाहेरून जसेच्या तसे दिसते, पण त्याची ताकद तशीच उरलेली नसते.

दुसरी मर्यादा आघाताची. जॅकेट फाटले नाही म्हणजे आतला कुत्रा शाबूत आहे, असे नाही. कुत्र्याच्या कित्येक पट वजनाचे डुक्कर धडक देते तेव्हा कापड धार अडवते, धडक अडवत नाही. बरगड्या मोडू शकतात, फुप्फुसात रक्त साकळू शकते, पोटातील अवयव आतून फाटू शकतात. डुकराच्या जखमांविषयी पशुवैद्यांचा अनुभव असा की कातडीवर लहानसे भोक दिसत असले तरी खाली स्नायू फाटून मोठी पोकळी झालेली असते. जॅकेटने झाकलेली अशी जखम मालकाच्या नजरेतून सुटण्याचा धोका अधिक असतो, म्हणून झटापटीनंतर जॅकेट लगेच उतरवून केस बाजूला सारत सर्वांग चाचपून पाहणे आणि श्वास जड वाटत असेल तर वेळ न दवडता पशुवैद्याकडे नेणे आवश्यक असते.

सोलापुरासाठी सर्वांत गंभीर मर्यादा उष्णतेची आहे, आणि थंड देशांत लिहिल्या गेलेल्या माहितीत तिला पुरेसे महत्त्व मिळत नाही. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तळपायांना थोडा घाम येतो, पण शरीर थंड ठेवण्याचे मुख्य काम जीभ बाहेर काढून धापा टाकण्यानेच होते. त्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि ते ४१ अंशांच्या वर गेले की उष्माघाताचा धोका उभा राहतो. जोरात धावल्यावर तापमान काही मिनिटांतच वर चढते. छाती-पोटाभोवती हवा खेळू न देणारे जाड कवच बांधलेले असेल तर अंगातील उष्णता बाहेर पडण्याचा आणखी एक मार्ग बंद होतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांपुढे जाणाऱ्या या जिल्ह्यात दिवसा असे जॅकेट घालून कुत्र्याला फडात सोडणे म्हणजे डुकराच्या सुळ्याऐवजी उन्हाने मारण्याची व्यवस्था करणे होय. हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो आहे.

मापाचा प्रश्नही इथे वेगळा आहे. बाजारातील बहुतेक जॅकेट रुंद छातीच्या, जड बांध्याच्या कुत्र्यांसाठी बेतलेली असतात. आपल्याकडचे कारवानी आणि मुधोळचे कुत्रे खोल पण अरुंद छातीचे, आखूड केसांचे, पातळ कातडीचे आणि वेगासाठी घडलेले आहेत. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ज्या कुत्र्यांची जोपासना केली ती माळावर सशामागे धावणारी होती, डुकराला धरून ठेवणारी नव्हती. सैल जॅकेट अशा कुत्र्याच्या काखेत घासून जखम करते, बाभळीच्या किंवा घाणेरीच्या झुडपात अडकते आणि त्याला डुकराच्या वाटेतून झटकन बाजूला होऊ देत नाही. चपळाई हेच ज्याचे खरे कवच, त्याच्यावर दुसरे कवच लादताना हा हिशेब करावा लागतो.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत वन्य प्राण्याचा पाठलाग करणे, त्याला हुसकावणे आणि तसा प्रयत्न करणेही येते, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवान्याने शिकार करण्याची जुनी वाटही बंद झाली. पिकाचे नुकसान करणाऱ्या प्राण्याबाबतचा निर्णय अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीनेच होतो. कुत्र्याला मुद्दाम झुंजीला चिथावणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली वेगळा गुन्हा आहे. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या परिसरात तर मोकळा सोडलेला कुत्रा जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांना आणि काळविटांच्या पाडसांना थेट धोका ठरतो.

राहतो तो राखणीचा कुत्रा. बिबट्याच्या बाबतीत अकोले परिसरातील उसाच्या पट्ट्यात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात त्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के वाटा पाळीव कुत्र्यांचा आढळला होता. साखळीने बांधलेल्या कुत्र्याला तेथे कोणतेही जॅकेट पुरणार नाही. रात्री बंद करता येईल अशी जाळीची, वरूनही झाकलेली जागा हीच त्याची सोय. फडाच्या बांधावर कुत्र्याचा जीव घेणाऱ्या इतर गोष्टी म्हणजे कुंपणात सोडलेली वीज, तारेचे फासे आणि डुकरांसाठी पेरलेले गावठी बॉम्ब. यांतील एकाही गोष्टीवर छातीवरचे कापड चालत नाही. हिवाळ्याच्या रात्री, मापात बसणारे, गळा आणि छाती दोन्ही झाकणारे हलके जॅकेट अचानक समोर आलेल्या डुकराच्या एखाद्या फटकाऱ्यापासून कुत्र्याला वाचवू शकते, आणि तेवढ्यापुरते ते घेण्यासारखे आहे. मात्र ते घातले म्हणून कुत्र्याला फडात घुसवू नये आणि वस्तीवर परतताच ते काढून ठेवावे.