मॉकला ९५ टक्के पडतात, मग तारीख घेऊ का?

सीसीएनएची (सिस्को कंपनीच्या नेटवर्किंग परीक्षेची) तयारी करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांसाठी आणि चौकशीला येणाऱ्यांसाठी

हा प्रश्न आम्हाला आठवड्यातून चार-पाच वेळा तरी ऐकावा लागतो. विचारणारा मोबाईल पुढे करतो, त्यावर मॉक टेस्टच्या निकालाचा स्क्रीनशॉट असतो आणि आमच्याकडून त्याला फक्त "हो, घ्या" एवढंच ऐकायचं असतं. आम्ही उलट विचारतो, ही टेस्ट कितव्यांदा दिलीत? उत्तर बहुधा "पाचव्यांदा" किंवा "सहाव्यांदा" असंच येतं.

पाचव्यांदा दिलेल्या टेस्टचे मार्क पाठांतराचे असतात. यात तुमची लबाडी नसते, डोळ्यांची असते. तिसऱ्या खेपेपासून प्रश्नाचे पहिले चार शब्द वाचले की नजर आपोआप 'क' पर्यायावर जाते. उत्तर बरोबर येतं, टक्के चढतात, तारीख घेतली जाते, खऱ्या परीक्षेत नापास, आणि मग पुन्हा पूर्ण फी भरून तोच अभ्यास पहिल्यापासून. एवढ्या एका चुकीत लोकांचे दोन-तीन महिने जातात.

हे खोटं वाटत असेल तर एक आकडा बदलून बघा. १९२.१६८.१०.७७/२६ हा पत्ता कोणत्या सबनेटमधला, म्हणजे नेटवर्कच्या कोणत्या तुकड्यातला? (स्लॅशनंतरचा आकडा म्हणजे पत्त्यातले पहिले किती बिट नेटवर्कचे.) बहुतेक जण झटक्यात ६४ सांगतात, कारण हा प्रश्न प्रत्येक मॉकमध्ये असतो. आता १७२.१६.४५.१४/२० घ्या. इथे गाडी अडते. खरं तर पद्धत तीच आहे. स्लॅश २० म्हणजे २५५.२५५.२४०.०, म्हणजे खेळ तिसऱ्या ऑक्टेटमध्ये (पत्त्यातल्या तिसऱ्या आकड्यात). २५६ मधून २४० गेले, उरले १६. सोळाच्या पाढ्यात ४५ हा ३२ आणि ४८ यांच्या मध्ये बसतो. म्हणून नेटवर्क १७२.१६.३२.० आणि ब्रॉडकास्ट, म्हणजे त्यातला शेवटचा पत्ता, १७२.१६.४७.२५५. हे अर्ध्या मिनिटात, कॅल्क्युलेटरशिवाय जमलं पाहिजे. परीक्षा १२० मिनिटांची आहे आणि पुढे गेल्यावर मागच्या प्रश्नाकडे परत येता येत नाही. "हा नंतर बघू" ही सवय मॉकमध्ये लागते आणि तिथे महागात पडते.

रूटिंगचंही तसंच. राउटरकडे १०.१.०.०/१६ चा स्टॅटिक (हाताने घातलेला) रूट आहे आणि १०.१.५.०/२४ ओएसपीएफकडून (राउटरांनी आपसात रूट कळवायच्या प्रोटोकॉलकडून) आला आहे. १०.१.५.९ ला जाणारं पॅकेट कुठून जाईल? अख्खी बॅच ओरडते, "स्टॅटिक! एक विरुद्ध एकशेदहा!" ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्सचे (रूट कुठून आला त्यावर किती भरवसा ठेवायचा, त्याचे; कमी तो चांगला) आकडे चोख पाठ आहेत, फक्त ते कधी वापरायचे हे निसटलं. राउटर आधी जास्त लांबीचा प्रीफिक्स (स्लॅशनंतरचा मोठा आकडा) बघतो, म्हणून पॅकेट ओएसपीएफच्या वाटेने जातं. डिस्टन्सची तुलना होते ती एकाच नेटवर्कचा, एकाच लांबीचा रूट दोन ठिकाणांहून आला तर.

आणि लॅबमधला एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. असाच ९५ टक्केवाला विद्यार्थी. दोन स्विच, मध्ये ट्रंक (अनेक व्हीलॅनची वाहतूक नेणारी जोडणी), व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगवेगळी नेटवर्क) १० आणि २० सुरळीत चालू. त्याला म्हटलं, यात ३० वाढवा. त्याने टाइप केलं 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०'. तीसचा पिंग लागला, गडी खूश. पण 'ॲड' हा शब्द राहिला होता, त्यामुळे यादीत ३० वाढण्याऐवजी यादीच फक्त ३० ची झाली. दहा आणि वीस बंद. पुढची वीस मिनिटं त्याने केबल बदलली, पीसीचे आयपी तपासले, शेवटी स्विच रीलोड करायला निघाला. 'शो इंटरफेसेस ट्रंक' ही एक ओळ आधी टाकली असती तर अलाउड यादीत एकटा ३० दिसला असता. आम्ही मागे उभे राहून बघत होतो, बोललो नाही. "सर सांगत नाहीत" अशी आमची तक्रार होते ती यावरूनच. तक्रार मान्य आहे, पद्धत बदलणार नाही. तो मुलगा आता 'ॲड' विसरत नाही.

टक्क्यांबद्दल आणखी एक. पास व्हायला किती लागतात, हे सिस्को जाहीर करत नाही. त्यामुळे "ऐंशी पडले की झालं" हे कुणीतरी कुणालातरी सांगितलेलं आहे. कॉम्पटिया या दुसऱ्या संस्थेची नेटवर्क प्लस परीक्षा देणाऱ्यांना आकडा मिळतो, १०० ते ९०० च्या मापावर ७२०. पण ते माप आहे, टक्केवारी नाही. तेव्हा तिथेही ऐंशीचा हिशेब मांडू नका. ती परीक्षा ९० मिनिटांची असते आणि प्रश्न जास्तीत जास्त ९०.

अभ्यास कशावर किती करायचा, याचं उत्तर सिस्कोच्या अभ्यासक्रमातच दिलंय. आयपी कनेक्टिव्हिटी (म्हणजे रूटिंग) २५ टक्के, फंडामेंटल्स आणि नेटवर्क ॲक्सेस प्रत्येकी २०, सिक्युरिटी १५, आयपी सर्व्हिसेस १० आणि ऑटोमेशन १०. नाव नवीन वाटतं म्हणून घाबरून ऑटोमेशनवर महिना घालवणारे आम्ही पाहिलेत. तेवढ्या वेळात त्यांचं रूटिंग पक्कं झालं असतं. दादाच्या किंवा ताईच्या जुन्या नोट्स वापरत असाल तर वरचा कोड बघा. सध्याची २००-३०१ ही परीक्षा २४ फेब्रुवारी २०२० पासून आहे आणि तिची १.१ आवृत्ती ऑगस्ट २०२४ मध्ये आली. त्याआधीच्या २००-१२५ च्या वहीत ईआयजीआरपी या दुसऱ्या रूटिंग प्रोटोकॉलची मोठमोठी प्रकरणं सापडतील. आता कॉन्फिगर करायला सिंगल एरिया ओएसपीएफ आहे.

डंप्स (फुटलेल्या प्रश्नांचे संच) देता का? नाही. परीक्षा सुरू होण्याआधी तुम्ही प्रश्न गुप्त ठेवण्याचा करार मान्य करता; फुटलेले प्रश्न वापरल्याचं उघडकीला आलं तर मिळालेलं सर्टिफिकेटही रद्द होऊ शकतं. "अमुक ठिकाणी देतात" हे आम्हाला माहीत आहे. त्यांच्याकडून पास होऊन, मुलाखतीत गडबडून, मग आमच्याकडे लॅबसाठी येणारेही आम्हाला माहीत आहेत. त्यांनाही आम्ही शिकवतोच.

आमच्याकडे मॉक दोनदाच मिळते, दुसरी दहा दिवसांनी. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाखाली उरलेले पर्याय का चूक, हे एकेका ओळीत लिहून आणावं लागतं. बरोबर आलेल्या प्रश्नांनाही हेच करा असं सांगितलं की चेहरे पडतात. तारीख घेण्याआधी चाळीस मिनिटांची तोंडी आणि एक बिघडवलेली लॅब असते. सक्ती नाही, तारीख शेवटी तुमची. पण तोंडीत अडखळलेल्याने "पंधरा दिवस थांबतो" म्हटलं, तर त्याची फी वाचते, आमचं काही जात नाही.

पॅकेट ट्रेसर (नेटवर्कची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) सिस्को फुकट देते, मग लॅबची फी कशाला, असंही विचारतात. रास्त प्रश्न आहे. घरी पॅकेट ट्रेसर रोज उघडाच, कमांडला हात तिथेच बसतो. फक्त घरी बिघाड तुम्हीच घालता, म्हणून तो कुठे आहे हे तुम्हाला ठाऊक असतं. आमच्याकडे तो आम्ही घालतो. कधी ट्रंकच्या एका बाजूला नेटिव्ह (टॅग न लावता जाणारा) व्हीलॅन वेगळा, कधी ओएसपीएफचा हॅलो टायमर (शेजारी राउटरला किती सेकंदांनी हाक द्यायची तो आकडा) दहाचा पाच केलेला, कधी पोर्ट चालू करणारं नुसतं 'नो शटडाउन' राहिलेलं. शेवटचं सगळ्यात जास्त वेळ खातं.

परीक्षेच्या दिवसाचं थोडक्यात. नोंदणीतलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव तंतोतंत जुळू द्या, हे बुकिंगच्या वेळीच बघा. घरून देणार असाल तर टेबल मोकळं हवं, फोन लांब, खोलीत कुणी येता कामा नये. आणि घरून देताना कागद-पेन्सिल चालत नाही, स्क्रीनवरच्याच फळ्यावर माउसने लिहावं लागतं. सबनेटिंगचा सराव त्याही प्रकारे करून बघा, पहिल्यांदा फार चिडचिड होते. केंद्रावर पुसता येणारी पाटी आणि मार्कर मिळतो.

नापास झालात तर पुढच्या प्रयत्नाआधी पाच दिवस थांबावं लागतं. सहाव्या दिवशीची तारीख लगेच घेऊ नका. स्कोर रिपोर्टवर प्रत्येक विभागाचे टक्के असतात, तो कागद टाकून न देता आमच्याकडे आणा. आमच्याकडे शिकला नसलात तरी चालेल, वाचून सांगायचे पैसे आम्ही घेत नाही. तोंडीची वेळ आदल्या दिवशीपर्यंत कळवा. येताना पेन्सिल आणा, कॅल्क्युलेटर बॅगेतच राहू द्या.