वेधशाळा बांधल्या, चालवायच्या कोणी?

मोठी दुर्बीण उभारायला सरकारी पैसा मिळवणं अवघड. ती वर्षानुवर्षं चालवायला मिळवणं त्याहून अवघड. ही अडचण आजची नाही. डेन्मार्कचा राजा दुसरा फ्रेडरिक याने १५७६ मध्ये खगोलवेत्ता टायको ब्राहेला अख्खं ह्वेन बेट दिलं, शिवाय वेधशाळेचा खर्चही उचलला. पुढच्या राजाने हात आखडता घेतला आणि १५९७ मध्ये टायकोला बेट सोडावं लागलं. त्याच्या नोंदी मात्र टिकल्या; त्यांच्या आधारे केप्लरने ग्रहगतीचे नियम शोधले. इस्तंबूलमधली तकी अल-दीनची वेधशाळा सुलतानाच्या पैशातून उभी राहिली आणि १५८० मध्ये त्याच सुलतानाच्या हुकमाने जमीनदोस्त झाली.

लंडनजवळच्या ग्रीनिच वेधशाळेची कथा अधिक बोलकी आहे. भर समुद्रात जहाजाचे रेखांश कळत नव्हते. ताऱ्यांची स्थानं आणि चंद्राची गती अचूक कळली तर ते काढता येतील, म्हणून इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने १६७५ मध्ये ही वेधशाळा स्थापन केली. बांधकामाला सुमारे ५२० पौंड लागले आणि तेही जुनी, खराब झालेली बंदुकीची दारू विकून उभे केले गेले. तिथला पहिला खगोलवेत्ता जॉन फ्लॅमस्टीड याला वर्षाला १०० पौंड पगार ठरला. उपकरणांसाठी मात्र तरतूदच नव्हती. काही त्याच्या आश्रयदात्याने दिली, बाकीची त्याने पदरमोड करून घेतली.

मग प्रश्न उभा राहिला: त्याने केलेल्या ताऱ्यांच्या नोंदी कोणाच्या, सरकारच्या की त्याच्या? न्यूटन आणि हॅली यांच्या पुढाकाराने १७१२ मध्ये त्या त्याच्या संमतीविना छापल्या गेल्या. फ्लॅमस्टीडने ४०० पैकी सुमारे ३०० प्रती मिळवल्या आणि जाळून टाकल्या. तो तापट होता, पण त्याचा राग मला रास्त वाटतो. १७१९ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या पत्नीने उपकरणं हलवली आणि त्याच्या जागी आलेल्या हॅलीच्या वाट्याला रिकाम्या खोल्या आल्या. तेव्हा कुठे सरकारने उपकरणांसाठी ५०० पौंड मंजूर केले.

पुढेही तिजोरी उघडली ती बहुधा व्यवहाराच्या गरजेपोटीच. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर सूर्यावरचे डाग आणि पाऊसमान यांचा काही संबंध लागतो का, हे पाहण्याची निकड ब्रिटिश सरकारला वाटू लागली. कोडाईकनालची सौर वेधशाळा १८९९ मध्ये स्थापन झाली, त्यामागे हा विचार होता. पावसाचं कोडं काही त्यातून सुटलं नाही. पण १९०९ मध्ये जॉन एव्हरशेड यांनी तिथेच सौरडागांमधला वायूचा बाहेरच्या दिशेने वाहणारा प्रवाह शोधला.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतल्या मोठ्या दुर्बिणी धनिकांच्या देणग्यांवर उभ्या राहिल्या. सरकार खऱ्या अर्थाने उतरलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि त्याला शीतयुद्धाची धार होती. इंग्लंडमध्ये बर्नार्ड लव्हेल यांची ७६ मीटरची रेडिओ दुर्बीण खर्च हाताबाहेर गेल्याने कर्जात बुडाली होती. ऑक्टोबर १९५७ मध्ये स्पुटनिक हा सोव्हिएत उपग्रह सोडणाऱ्या रॉकेटचा माग तिने रडारने काढला आणि तिच्याकडे पाहण्याची नजरच बदलली. तरी शेवटचं कर्ज १९६० मध्ये फेडलं ते एका उद्योगपतीने.

एका राजाच्या किंवा मंत्रिमंडळाच्या मर्जीवर विसंबायचं नाही, यासाठी निघालेली सर्वांत टिकाऊ वाट युरोपची. १९६२ मध्ये पाच देशांनी करार करून युरोपीय दक्षिणी वेधशाळा स्थापन केली. वर्गणीचा वाटा देशाच्या उत्पन्नानुसार ठरतो, त्यामुळे एखाद्या सरकारला ऐन वेळी कात्री लावणं सोपं जात नाही.

पोर्तो रिकोतल्या अरेसिबो दुर्बिणीला असं कवच नव्हतं. ही ३०५ मीटरची दुर्बीण १९६३ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशातून सुरू झाली, तीही वातावरणाच्या आयनीभूत थराच्या अभ्यासासाठी. पुढे ती अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे आली. १९७४ मध्ये तिथे सापडलेल्या जोडताऱ्यातल्या पल्सारने (नियमित रेडिओ स्पंद देणाऱ्या, वेगाने फिरणाऱ्या मृत ताऱ्याने) १९९३ चं नोबेल मिळवून दिलं. तरी २००६ पासून तिच्या चालू खर्चाला कात्री लागत गेली. ऑगस्ट २०२० मध्ये एक केबल निसटली, नोव्हेंबरमध्ये दुसरी तुटली आणि १ डिसेंबरला अधांतरी टांगलेला ९०० टनांचा मंच खालच्या तबकडीवर कोसळला. २०२२ मध्ये प्रतिष्ठानने जाहीर केलं की दुर्बीण पुन्हा बांधली जाणार नाही. तिथे शिक्षण केंद्र उभारायचं ठरलं.