केस लावून झाल्यावर टाळूत जे टोचतात, ते आलं कुठून?

पणजी, पर्वरी, म्हापसा, मडगाव, कुठल्याही हेअर क्लिनिकचं कोटेशन बघा, ग्राफ्टच्या, म्हणजे मागून काढून पुढे लावायच्या केसांच्या मुळांच्या, आकड्याखाली दोन-तीन जादा ओळी असतातच. पीआरपी (आपल्याच रक्तातला प्लेटलेटने भरलेला प्लाझ्मा), जीएफसी, हल्ली एक्सोसोम, कुठे कुठे 'स्टेम सेल बूस्टर' (स्टेम सेल म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी तयार होतात त्या मूळ पेशी), आणि या सगळ्यावर मिळून एक नाव, रिजनरेटिव्ह, म्हणजे नव्याने घडवणारं. ग्राफ्ट किती ते मोजून लिहिलेलं असतं, पण पीआरपीपुढे नुसतं 'सेशन' आणि रक्कम. त्या सेशनमध्ये नक्की काय मिळणार ते कुठेच नाही. या ओळी कोटेशनमध्ये शिरल्या कशा ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

फार मागे नको. १९३९ मध्ये जपानमध्ये भाजलेल्या जागांवर केसांसकट त्वचेचे छोटे गोल तुकडे लावले गेले, १९५२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हेच पुरुषी टक्कलावर झालं आणि १९५९ च्या पेपरात ते तत्त्व मांडलं गेलं की मागच्या बाजूचा केस पुढे लावला तरी त्याचा गुण मागचाच राहतो, तो टिकतो. मग ४ मिलिमीटरच्या पंचने काढलेले गुच्छ, बाहुलीच्या डोक्यासारखे दिसायचे, नंतर मायक्रोस्कोपखाली एकेक फॉलिक्युलर युनिट, म्हणजे केसांचा नैसर्गिक छोटा गुच्छ, वेगळं करणं, १९९५ च्या आसपास एफयूटी (मागच्या त्वचेची पट्टी कापून) आणि २००२ पासून एफयूई (एकेक ग्राफ्ट सुटा काढून). कारागिरी प्रचंड सुधारली, यात वादच नाही. पण मूळ अडचण दोन्हीकडे तशीच राहिली: केस नवे तयार होत नाहीत, फक्त जागा बदलतात, आणि डोक्यावर जे जुने बारीक होत चाललेले केस आहेत ते ऑपरेशननंतरही बारीक होतच राहतात.

त्यात आणखी एक गोष्ट. ग्राफ्ट शरीराबाहेर असतो तेवढा वेळ तो उपाशी असतो. १९९२ मध्ये कुणीतरी हे नीट मोजलं, थंड सलाइनमध्ये ठेवलेले ग्राफ्ट २ तासांनी लावले तर ९५ टक्के जगले, ४ तासांनी ९०, २४ तासांनी ७९ आणि ४८ तासांनी ५४. भाताचा तरवा उपटून बांधावर ठेवला आणि लावणीला उशीर झाला तर जे होतं तेच. मोठ्या सेशनमध्ये दोन-तीन हजार ग्राफ्ट काढून लावायला अख्खा दिवस जातो, म्हणून ग्राफ्ट कशात भिजवायचे, लावल्यावर त्याला लवकर रक्तपुरवठा कसा मिळेल, हे प्रश्न खरे होते आणि आजही आहेत. रिजनरेटिव्हचा प्रवेश इथून झाला, तो मुळात मार्केटिंगसाठी झालेला नाही, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं.

पीआरपी तोवर दाताच्या आणि जबड्याच्या सर्जरीत १९९० च्या दशकातच रुळलेली होती. २००६ मध्ये ब्राझीलमधून एक पेपर आला, एकाच पेशंटच्या डोक्यावर दोन पट्टे, दोन्हीकडे दर चौरस सेंटिमीटरला २० ग्राफ्ट, एका बाजूचे ग्राफ्ट आधी प्लेटलेटच्या द्रवात भिजवलेले. वर्षाने मोजलं तर भिजवलेल्या बाजूला सरासरी १८.७ आणि साध्या बाजूला १६.४, म्हणजे साधारण १५ टक्के जास्त. पेशंट मोजकेच होते पण आकडा डोक्यात बसणारा होता आणि पुढच्या दहा वर्षांत तो जगभर फिरला. फिरता फिरता एक गोष्ट गळून पडली: तो प्रयोग ग्राफ्ट भिजवण्याचा होता, महिन्यामहिन्याने टाळूत टोचण्याचा नव्हता. टोचण्यावर नंतर वेगळे अभ्यास झाले, बऱ्याच जणांत केसांची घनता वाढलेली दिसलीही, पण ते एकमेकांशी ताडून बघणं कठीण आहे.

कारण पीआरपी म्हणजे एकच ठरलेली गोष्ट नाहीच. रक्त काढलं, नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की खाली लाल थर बसतो, मध्ये पांढुरकी पातळशी रेघ, वर पिवळा प्लाझ्मा. आता त्या पिवळ्यातला वरचा भाग घ्यायचा की रेघेजवळचा, रेघेतल्या पांढऱ्या पेशी येऊ द्यायच्या की नाही, एकदाच फिरवायचं की दोनदा, टोचण्याआधी कॅल्शियम घालायचं की नाही, प्रत्येक ठिकाणी वेगळं. आपल्या रक्तात मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात आणि जाणकार दहा लाखांच्या आसपास न्यायला सांगतात. वरवरचा प्लाझ्मा घेतला तर त्याच्या जवळपासही पोचत नाही, पण बिलावर दोन्हीचं नाव पीआरपीच. जीएफसी म्हणजे पुढची पायरी म्हणून सांगतात, प्लेटलेटमधले ग्रोथ फॅक्टर बाहेर काढून तेवढेच द्यायचे, पण तिथेही किती मिळाले हे पेशंटला कुणी दाखवत नाही.

याच काळात बाकीचंही बरंच आलं. २०१० च्या सुमारास डुकराच्या मूत्राशयाच्या अस्तरापासून केलेल्या पावडरीचा गाजावाजा झाला, उपटलेल्या केसातून नवा केस उगवेल म्हणे, ते टिकलं नाही. उलट २०१३ मध्ये मुंबईतला एक साधा अभ्यास आला, १०० पुरुष, १२ आठवडे, अर्ध्यांना नुसतं मिनॉक्सिडिल हे टाळूला लावायचं केसवाढीचं औषध आणि अर्ध्यांना त्याबरोबर आठवड्याला एकदा दीड मिलिमीटर सुयांचा डर्मारोलर, आणि रोलरवाल्यांचे केस कितीतरी जास्त वाढले. स्वस्त गोष्ट, म्हणूनच बहुधा तिच्या जाहिराती कमी दिसतात.

आता खरा वादाचा निर्णय, त्याच २०१३ मधला. त्याआधी आपल्या देशाची २००७ ची राष्ट्रीय गाइडलाइन होती तिच्या शीर्षकात स्टेम सेल 'रिसर्च अँड थेरपी' असं होतं, २०१३ च्या गाइडलाइनमध्ये 'थेरपी' काढून टाकलं. सांगायचं हे होतं की रक्ताच्या आजारांसाठीचं बोनमॅरोसारखं ट्रान्सप्लांट सोडलं तर स्टेम सेल हा अजून मान्य उपचारच नाही, बाकी जे काही करायचं ते मंजूर ट्रायलमध्ये करा, त्याबाहेर पैसे घेऊन दिलं तर ते अनैतिक. २०१७ च्या सुधारित आवृत्तीतही हीच भूमिका राहिली, आणि २०१९ च्या नव्या औषध नियमांत स्टेम सेलपासून केलेलं प्रॉडक्ट 'नवीन औषध' या व्याख्येत आलं.

विरोध जोरदार झाला. पेशंटचीच चरबी, तिच्यातल्या त्याच्याच स्टेम सेल, त्याच दिवशी त्याच टेबलावर परत द्यायच्या, यात औषध कुठे आलं, असं म्हणणारे डॉक्टर होते आणि सगळेच काही लुबाडणारे नव्हते. दुसरी बाजू म्हणते, चरबीत एन्झाइम घालून पेशी सुट्या केल्या की ती मूळची चरबी उरत नाही. अमेरिकेत हेच भांडण कोर्टात गेलं, २०२१ मध्ये एका अपील कोर्टाने ते औषधच धरलं, २०२२ मध्ये दुसऱ्या ठिकाणच्या खालच्या कोर्टाने नाही म्हटलं, आणि २०२४ मध्ये तो निकालही वर जाऊन फिरला. माझ्या मते आपल्याकडचा २०१३ चा निर्णय बरोबर होता. पण त्याची एक बाजू कुणी नीट बघितली नाही: पीआरपीत स्टेम सेल नसतात, त्यामुळे ती बाहेर राहिली आणि सगळी गर्दी तिकडे वळली. दुधाची तहान ताकावर. ज्यांना स्टेम सेल विकायचं होतं त्यांनी पीआरपीलाच त्या भाषेत विकायला सुरुवात केली, आणि रिजनरेटिव्ह हा शब्द दोन्हीला पुरला.

एक्सोसोमचंही तसंच. पेशी बाहेर सोडतात त्या अतिसूक्ष्म पिशव्या, पेशी नव्हेत, म्हणून स्टेम सेलचे नियम लागू नाहीत असं विक्रेत्यांचं म्हणणं. अमेरिकेत २०१९ च्या डिसेंबरात काही पेशंटना त्रास झाल्यावर सरकारी इशारा निघाला की असं एकही प्रॉडक्ट मंजूर नाही. इथे अजून ते बाटलीतून येतं आणि रोलरनंतर टाळूवर चोळलं जातं.

२०२२ मध्ये, दिल्लीतल्या एका मृत्यूचं प्रकरण हायकोर्टात गेल्यावर, हेअर ट्रान्सप्लांट कुणी करायचं यावर देशपातळीवर गाइडलाइन आली, रीतसर ट्रेनिंग घेतलेले प्लास्टिक सर्जन आणि त्वचारोगतज्ज्ञ, वर्कशॉप किंवा यूट्यूब बघून शिकलेले नाहीत. त्याच वर्षाच्या शेवटी दंतवैद्यकाच्या बाजूने वेगळी भूमिका आली की जबड्याचे सर्जनही करू शकतात, तो गुंता आजही पुरता सुटलेला नाही. सगळा भर सुरी कुणाच्या हातात यावर, नंतरच्या सुईत काय भरलंय यावर फारसा नाही.

गोव्यात हे जास्त जाणवतं कारण इथे बाहेरून सुट्टीला येऊन ट्रान्सप्लांट करून जाणारेही आहेत, आणि ताज्या ग्राफ्टला ऊन आणि समुद्राचं पाणी दोन्ही काही आठवडे वर्ज्य. पीआरपीचे पुढचे सेशन मग कुठे, कोण, कशा पद्धतीने करणार हे त्यांच्या पॅकेजमध्ये सहसा नसतंच. आपल्या पोरांचं वेगळं, चवथीला घरी सगळे जमायच्या आत किंवा लग्न ठरायच्या आत डोकं भरलेलं दिसायला हवं, म्हणून तेवीस-चोविसाव्या वर्षी कर्ज काढून सही करतात. त्या वयात टक्कल कुठवर जाणार ते ठरलेलं नसतं आणि डोनर एरियातले, म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूचे, ग्राफ्ट आयुष्यभरासाठी मोजकेच. तो साठा खरोखर वाढवेल अशी आशा आहे ती एका गोष्टीची, केसाच्या मुळाशी असलेल्या डर्मल पॅपिलाच्या पेशी लॅबमध्ये वाढवून परत देणं, त्यावर १९९० च्या दशकापासून काम चालू आहे, २०१३ मध्ये त्या पेशी गोळ्यांच्या आकारात वाढवल्या तर आपला गुण काही अंशी राखतात हे दिसलं. गोव्यातल्या किंवा कुठल्याही क्लिनिकच्या कोटेशनमध्ये असे नवे केस देणारी ओळ आज असेल, तर ती पीआरपीच आहे की आणखी काय, हे सही करण्याआधी लेखी मागून घ्या.