किल्ट नको, टार्टन हवं

थंडीसाठी घेतलेला लाल-हिरव्या चौकड्यांचा मफलर माझ्या गळ्यात बघून एका मित्राने विचारलं, "मग आता खाली तो घागराही घालणार का?" त्याचा दोष नाही. टार्टन म्हणजे किल्ट हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. खरं तर किल्ट हा स्कॉटिश पुरुषांचा घागऱ्यासारखा शिवलेला कपडा आणि टार्टन हा चौकड्यांच्या विणीचा नमुना. जीन्स ही पँट आणि डेनिम हे कापड, तसंच.

खुद्द स्कॉटलंडमध्येही टार्टन एकट्या किल्टच्या मालकीचं कधीच नव्हतं. डोंगराळ भागातले घोडेस्वार 'ट्रूज' नावाची तंग विजार घालत, बायका 'अरिसेड' नावाचं मोठं वस्त्र अंगभर पांघरत. १७४६ साली ब्रिटिश संसदेने या पोशाखावर बंदी घातली, तेव्हा यादीत किल्टच्या जोडीला ट्रूज आणि टार्टनचे कोटही होते. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने तुरुंग, दुसऱ्याला सात वर्षं सातासमुद्रापार रवानगी. बायका आणि फौजेतले सैनिक तेवढे सुटले. कायदा १७८२ मध्ये रद्द झाला. टार्टन किल्टशिवायही घालता येतं, हे सरकारला आपल्यापेक्षा आधी कळलं होतं म्हणायचं!

आपल्याकडे लष्कराच्या पाइप बँडमध्येही हे दिसतं. खांद्यावर टार्टनचं वस्त्र आणि खाली सरळ पँट, अशा वेशातले पाइपवादक 'बीटिंग रिट्रीट'च्या वेळी टीव्हीवर पाहिले असतील.

आता रोजच्या कपड्यांत ते कसं वापरायचं? त्यासाठी आधी कापडाच्या आत शिरायला हवं, आणि मला खरी मजा तिथेच येते.

टार्टनमध्ये ताण्याच्या उभ्या धाग्यांत रंगांचा जो क्रम असतो, तोच बाण्याच्या आडव्या धाग्यांत असतो. या क्रमाच्या एका पूर्ण फेरीला 'सेट' म्हणतात. बहुतेक टार्टनमध्ये हा क्रम एका टोकाला पोचला की आरशातल्यासारखा उलटा फिरतो. वीण ट्विलची. बाण्याचा धागा दोन उभ्या धाग्यांवरून जातो, दोनांखालून जातो, आणि पुढचा धागा हेच एक घर सरकून करतो. म्हणून कापडावर बारीक तिरप्या रेघा उमटतात. जीन्सवर दिसतात त्यांच्याच भाऊबंद.

लाल ताण्यावर लाल बाणा आला तर निखळ लाल चौकोन. लाल ताण्यावर हिरवा बाणा आला की पृष्ठभागावर निम्मा लाल, निम्मा हिरवा. म्हणजे रंगाऱ्याने दोनच रंगांचे धागे दिले तरी कापडावर तीन छटा दिसतात. तीन रंगांच्या सहा, चारांच्या दहा, सहांच्या एकवीस. सूत्र: न × (न + १) ÷ २.

पुढचा हिशेब त्याहून गंमतीचा. समजा निम्मे धागे लाल आहेत. निखळ लाल चौकोनांनी किती कापड व्यापलं? निम्म्याचं निम्मं, म्हणजे पाव. तीन रंग समसमान असतील तर सगळे निखळ चौकोन मिळून एक तृतीयांश, पाच असतील तर फक्त एक पंचमांश. उरलेलं सगळं मिश्र. रंग वाढवत जावं तसं टार्टन भडक होत नाही, उलट मवाळ होत जातं! काळा-लाल असा दोनच रंगांचा शर्ट अंगावर ओरडतो, आणि पाच रंगांचा चौकडा दुरून शेवाळल्या दगडासारखा शांत दिसतो, त्याचं कारण हे. पण ही सगळी समसमान वाटणीची गोष्ट. एकाच रंगाच्या धाग्यांचं बहुमत असेल तर चित्र पालटतं. ७० टक्के धागे लाल असतील तर ४९ टक्के कापड निखळ लाल होणार. रॉयल स्ट्युअर्ट टार्टनमध्ये पाच-सहा रंग असूनही ते लालभडक दिसतं ते असल्या बहुमतामुळेच.

हे मिश्रण होतं कुठे? धाग्यात नाही, डोळ्यात. निरोगी डोळा साधारण अंशाच्या साठाव्या भागापेक्षा लहान कोनातले तपशील वेगळे करू शकत नाही. धाग्याची जाडी अर्धा मिलिमीटर धरली, तर ही मर्यादा पावणेदोन मीटरच्या आसपास येते. त्याहून लांब उभ्या माणसाला धागे दिसत नाहीत, त्यांची सरासरी दिसते. रंगपेटीतला लाल आणि हिरवा कालवला तर काळपट चिखल होतो. इथे रंग कालवले जात नाहीत, शेजारी बसलेल्या धाग्यांकडून येणारा प्रकाश डोळ्यात एकत्र होतो, आणि पिवळसर तपकिरी छटा दिसते.

एडिंबरात जन्मलेला भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लर्क मॅक्सवेल हीच सरासरी काढायला रंगीत कागदांची चकती भोवऱ्यासारखी फिरवायचा. चकती वेळेच्या अंगाने रंग मिसळते, टार्टन जागेच्या अंगाने. आणि १७ मे १८६१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने जे रंगीत छायाचित्र पडद्यावर दाखवलं, ते होतं टार्टनच्या फितीचं! छायाचित्रकार टॉमस सटनने लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांतून वेगवेगळे फोटो काढले होते. ते त्याच रंगांच्या गाळण्या लावून तीन दिव्यांनी एकावर एक पाडले. गोम अशी की त्या काळी फोटो ज्या काचांवर घेत, त्यांवरचं रसायन लाल प्रकाशाला जवळजवळ आंधळं होतं. मग लाल उमटला कसा? १९६१ मध्ये कोडॅकच्या संशोधकांनी उलगडा केला: फितीतला लाल रंग अतिनील किरणही परावर्तित करत होता आणि लाल गाळणीतून ते निसटत होते. म्हणजे तो लाल डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशाचा होता.

असो, कपाटाकडे वळू. मफलर किंवा शाल सर्वांत सोपी, कारण तिथे सेट अखंड दिसतो. सोबतचा साधा स्वेटर निखळ लाल किंवा हिरव्याशी जुळवायची धडपड करू नका. मिश्र चौकोनातली छटा पकडा. दुरून मफलरही तसाच दिसणार आहे. 'ब्लॅक वॉच' नावाच्या निळ्या-हिरव्या-काळ्या टार्टनवर गडद निळा स्वेटर बसतो तो याच न्यायाने. किल्टच्या कापडाचा सेट जवळपास वीतभर असू शकतो. त्याचा शर्ट शिवला तर कॉलर, बाह्या, बटणपट्टी सगळीकडे तो तुटतो. माझा ढोबळ नियम असा की मनगटाच्या कफवर एक सेट पूर्ण मावला पाहिजे. अगदी बारीक चौकडे मात्र व्हिडिओ कॉलला टाळा. कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या बिंदूंच्या जाळीशी त्यांची गाठ पडली की कापडावर लाटा नाचू लागतात.

फॅशनचे सल्लागार सांगतात, उभ्या रेघांनी माणूस बारीक दिसतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं की आडव्या रेघांनी भरलेला चौरस उलट उंच आणि अरुंद भासतो. टार्टनमध्ये दोन्ही रेघा सारख्याच, तेव्हा त्या वादात पडायलाच नको. तशीच 'प्रत्येक घराण्याचं प्राचीन टार्टन' ही कहाणी. १८४२ साली दोन भावांनी जुन्या हस्तलिखिताच्या नावाने घराणेवार नमुन्यांचं एक पुस्तक छापलं. ते हस्तलिखित बनावट होतं, पण त्यातले कित्येक नमुने आजही घराण्यांची म्हणून विकले जातात. तुमचं आडनाव मॅकडोनाल्ड नसलं म्हणून कुणी अडवत नाही. स्कॉटलंडच्या सरकारी टार्टन नोंदवहीत २००९ पासून कुणालाही स्वतःचा नमुना नोंदवता येतो.

शेवटी शिलाईबद्दल. विणलेलं कापड धाग्याच्या दिशेने ताणलं जात नाही, ४५ अंशांत मात्र धाग्यांच्या चौकोनाचा तिरपा समभुज चौकोन होऊन छान ताणतं. तंग ट्रूज तिरपे बेतायचे ते म्हणूनच. टायही तिरपा कापतात, आणि त्यावर चौकड्यांचे शंकरपाळे होतात. शिंप्याला शर्टाचा खिसाही तसाच तिरपा कापायला सांगा, म्हणजे खिशाचे चौकडे शर्टाच्या चौकड्यांशी जुळवत बसायची त्याची कटकट वाचेल.